आपत्ती संशोधन केंद्राचा संवाद आराखडा: कोण बोलणार, कशावर, आणि कुठे थांबायचे

नैसर्गिक आपत्तींवर काम करणाऱ्या संशोधन केंद्रांचे संवाद आराखडे बहुतेक एकाच साच्यातले असतात. आधी उद्दिष्टे, मग शासन, माध्यमे आणि जनता अशी तीन खाती, त्याखाली वेबसाइट, वार्तापत्र, समाजमाध्यमे आणि वर्षाकाठी एक परिषद. शांततेच्या काळात हे छान चालते. जमीन हलली किंवा नदीने पात्र सोडले की अर्ध्या तासात तो कागद निरुपयोगी होतो, कारण दोन प्रश्नांची उत्तरे त्यात नसतात. केंद्राच्या वतीने कोण बोलणार? आणि कोणत्या प्रश्नावर केंद्र मुळीच बोलणार नाही?

आराखडा लिहायला दुसऱ्या प्रश्नापासून बसावे. अधिकृत इशारा देण्याची जबाबदारी जवळपास सगळीकडे एखाद्या सरकारी यंत्रणेवर असते: हवामान खाते, भूगर्भ सर्वेक्षण, नागरी संरक्षण किंवा स्थानिक प्रशासन. संशोधन केंद्राकडे माहिती असते, अधिकार नसतो. ही सीमा आधी लिहून ठेवली नाही, तर गावे रिकामी करावीत का या प्रश्नावर केंद्रातला कुणीतरी प्राध्यापक कॅमेऱ्यासमोर सहज मत देऊन बसतो आणि लोकांना दोन इशारे ऐकू येतात. १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरचा ला सुफ्रिएर ज्वालामुखी खदखदू लागला, तेव्हा ७० हजारांहून अधिक लोकांना हलवण्यात आले. मोठा उद्रेक होणार की नाही यावरून शास्त्रज्ञांची भांडणे थेट वर्तमानपत्रांत रंगली. मोठा उद्रेक झालाच नाही. महिनोन्‌महिने घराबाहेर राहिलेल्या लोकांचा राग मात्र उरला. पुढे १९९९ मध्ये ज्वालामुखीशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने संकटकाळातील वर्तनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वाद आत घाला, बाहेर एकच संदेश जाऊ द्या, हा त्यांतला एक मुख्य धागा. याचा अर्थ मतभेद दडपावेत असा नाही. अंदाज कुठपासून कुठपर्यंत आहेत हे त्या एका संदेशातच सांगता येते.

म्हणून अधिकृत यंत्रणेशी एक पानी लेखी करार करावा. दहा पानी करार त्या रात्री कुणी उघडत नाही. त्या एका पानावर एवढेच असावे: कोण कोणाला फोन करणार, त्याने उचलला नाही तर पुढचा कोण, कोणता नकाशा किंवा अंदाज आधी यंत्रणेला जाणार आणि किती वेळाने सर्वांसाठी खुला होणार, कोणते प्रश्न आले की 'हे अमुक यंत्रणा सांगेल' एवढेच उत्तर द्यायचे. फोन नंबर दर तीन महिन्यांनी स्वतः लावून पाहावेत. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, यादी तशीच राहते.

सीमा असूनही माणूस घसरतो कुठे, याचे सर्वांत बोलके उदाहरण इटलीतल्या लाक्विला शहराचे आहे. महिनोन्‌महिने लहान धक्के बसत होते. ३१ मार्च २००९ रोजी तिथे तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच सुमारास नागरी संरक्षण विभागाच्या एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर सांगितले की धोका नाही, लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडते आहे, हे चांगलेच आहे. ६ एप्रिलला ६.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि ३०९ माणसे गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. 'भूकंप वर्तवता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंग' असे या खटल्याचे वर्णन जगभर झाले. संवादाचा आराखडा करणाऱ्याने मात्र ऊर्जा बाहेर पडते आहे या अधिकाऱ्याच्या वाक्याकडे पाहावे. मॅग्निट्यूड एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ मॅग्निट्यूडच्या भूकंपाएवढी ऊर्जा 'निघून जायला' ४ मॅग्निट्यूडचे सुमारे हजार धक्के बसावे लागतील. दिलासा शास्त्रीयदृष्ट्या चूक होता आणि तो वेळीच, ठळकपणे खोडून काढला गेला नाही.

यातून आराखड्यात दोन कलमे यायला हवीत. पहिले, कोणत्याही तज्ज्ञ बैठकीतून उठण्याआधी सर्वांना मान्य असलेली तीन वाक्ये कागदावर उतरवायची. ती होईपर्यंत दाराबाहेर कुणी बोलायचे नाही. दुसरे, भागीदार यंत्रणेने चूक विधान केले तर ते दुरुस्त करण्याची जबाबदारी एका नावावर हवी, तासाभराच्या मुदतीसह. आधी त्या यंत्रणेला फोन, तिने दुरुस्ती केली नाही तर केंद्राचे स्वतःचे निवेदन. हे दुसरे कलम लिहायला सगळे कचरतात. बैठकीत त्यावर वाद होतो, आणि तो शांततेच्या काळातच झालेला बरा.

केंद्र आंतरविद्याशाखीय असेल तर बाहेर बोलण्याआधी घरातला संवाद लावून घ्यावा लागतो. भूगर्भशास्त्रज्ञाच्या तोंडी 'अल्पकाळ' म्हणजे काही शतके, हवामानतज्ज्ञाच्या तोंडी काही तास. दोघांची वाक्ये एकाच प्रसिद्धिपत्रकात शेजारी आली की वाचणाऱ्याचे काय होईल ते वेगळे सांगायला नको. उपाय साधा आहे: निवेदनात काळ नेहमी आकड्यात लिहायचा, दिवस, महिने किंवा वर्षे. शक्यतेचेही तसेच. हवामान बदलावरचे आंतरशासकीय मंडळ 'संभाव्य' हे विशेषण ६६ ते १०० टक्क्यांसाठी आणि 'अतिसंभाव्य' हे ९० ते १०० टक्क्यांसाठी राखून ठेवते. केंद्राने अशी एक पट्टी स्वीकारावी, पण विशेषणाशेजारी आकडाही छापावा. पट्टी परिशिष्टात असते आणि परिशिष्ट वाचकापर्यंत पोहोचत नाही.

घरातल्या संवादाची दुसरी बाजू क्षेत्रकामाची, आणि ती फार दुर्लक्षित राहते. एकाच केंद्रातले पूरतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, आरोग्य संशोधक आणि विमा अभ्यासक एकाच गावात सहा महिन्यांत चार प्रश्नावल्या घेऊन जातात. 'मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते' हे चारही जण विचारतात. पाचव्या वेळी दार उघडत नाही, आणि खरी आपत्ती आली तेव्हाही त्या गावाचा केंद्रावर विश्वास नसतो. त्यामुळे संपूर्ण केंद्राची एकच क्षेत्रभेट दिनदर्शिका ठेवावी: गाव, तारीख, पथक, विचारायचे प्रश्न. नवी प्रश्नावली निघण्याआधी जुनी उत्तरे तपासणे सक्तीचे करावे. शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता निष्कर्षांचे दोन पानी टिपण आधी गावाला परत द्यावे.

एवढे झाले की मग 'लक्ष्यगट' आखावेत, तेही निर्णयांवरून. एका तक्त्यात पाच रकाने करा: कोण, कोणता निर्णय घेणार, घटनेच्या किती आधी किंवा नंतर, त्याला माहिती कोणत्या स्वरूपात लागते, आणि तो कोणाचे ऐकतो. धरणावरचा अभियंता पुढच्या १२ तासांचा आवक प्रवाह मागतो, आकड्यात आणि कमाल-किमान मर्यादेसह. शाळेच्या मुख्याध्यापकाला शाळा उद्या भरवायची की नाही एवढेच ठरवायचे असते. इमारतींची मानके बदलणाऱ्या समितीला दहा वर्षांतून एकदा, पण तीनशे पाने हवी असतात. 'जनता' या रकान्यात काहीच भरता येत नाही, आणि येऊ नयेच.

आकडे कसे सांगायचे हाही त्या तक्त्यातूनच ठरणारा प्रश्न आहे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' ऐकून माणूस म्हणतो, गेल्या वर्षी येऊन गेला, आता आपली काळजी मिटली. प्रत्यक्षात तो दरवर्षी एक टक्का शक्यतेचा पूर असतो. तीस वर्षांचे गृहकर्ज घेणाऱ्याला तो कर्ज फिटेपर्यंत किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे जवळजवळ चारात एक. घर घेणाऱ्यासाठी हाच आकडा छापावा.

पण आकडा नेहमी द्यावाच असेही नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या हवामान संस्थेने भूकंपानंतर तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा दिला. त्या घाईत मॅग्निट्यूड ७.९ धरला गेला होता आणि लाटांची उंची इवाते व फुकुशिमासाठी ३ मीटर, मियागीसाठी ६ मीटर सांगितली गेली. सुमारे अर्ध्या तासाने ती वाढवून मियागीसाठी १० मीटरहून अधिक करण्यात आली. तोवर वीज गेलेल्या कित्येक भागांत दुरुस्ती पोहोचलीच नाही. भूकंप अखेर ९.० चा निघाला. तीन मीटर म्हटल्यावर किनाऱ्यावरची भिंत आपल्याला वाचवेल असे वाटणे साहजिक होते. २०१३ पासून त्या संस्थेने पद्धत बदलली: भूकंप आठपेक्षा मोठा वाटत असेल आणि खरा आकार लगेच कळत नसेल, तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगायचेच नाहीत, लाट 'प्रचंड' येणार एवढेच सांगायचे. पहिल्या मिनिटाला पळायचे की नाही ठरवणाऱ्याला दशांश चिन्ह नको असते. दोन दिवसांनी बंधाऱ्याची उंची तपासणाऱ्याला हवे असते.

नकाशांबाबत सगळ्यात फसवे चित्र म्हणजे चक्रीवादळाचा शंकू, वादळ पुढे कुठून जाऊ शकेल ते दाखवणारा, रुंदावत जाणारा पट्टा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या शंकूची रुंदी मागच्या पाच वर्षांतल्या अंदाजांच्या चुकांवरून ठरते. साधारण दोन तृतीयांश वेळा वादळाचे केंद्र आत राहावे इतकी. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याइतक्या वेळा ते बाहेर असू शकते. शिवाय शंकू वादळाचा आकार दाखवत नाही, फक्त केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. लोक मात्र त्याला 'नुकसानीचा भाग' समजतात, आणि मधली रेघ असेल तर नुसती रेघच पाहतात. २००४ मध्ये चार्ली वादळाच्या वेळी नजरा फ्लोरिडातल्या टँपा शहराकडे जाणाऱ्या रेघेवर होत्या. वादळ थोडे वळले आणि त्याच शंकूतल्या पुंता गोर्दा भागावर आदळले. आपल्या संशोधन केंद्राने असे चित्र काढले तर खाली दोन वाक्ये हवीतच: हे काय दाखवते, आणि काय दाखवत नाही. रंगही जपून निवडावेत. इंद्रधनुषी पट्टीत पिवळ्याजवळ नसलेली सीमा दिसू लागते, आणि तांबडा-हिरवा फरक रंगांधळ्या वाचकाला कळत नाही. एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा पुरतात, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईतही टिकतात.

आता प्रत्यक्ष घटनेचा दिवस. पहिल्या तासासाठी रिकाम्या जागा सोडलेले निवेदन तयार हवे, प्रत्येक आपत्तीसाठी वेगळे. त्यात चार परिच्छेद: काय घडले हे नक्की माहीत आहे, काय अजून माहीत नाही, केंद्र आत्ता काय करते आहे, पुढची माहिती किती वाजता. चौथा परिच्छेद गाळू नये. चार वाजता सांगू म्हटले आणि सांगण्यासारखे काही नसले, तरी चार वाजता 'नवे काही नाही' एवढे तरी सांगायचे. ती वेळ चुकली की पत्रकार दुसरा तज्ज्ञ शोधतात, आणि दुसरा तज्ज्ञ नेहमीच सापडतो. सुरुवातीचा मॅग्निट्यूड बदलेल हे पहिल्याच निवेदनात लिहावे, नाहीतर दुरुस्ती म्हणजे लपवाछपवी ठरते. 'याहून मोठा धक्का कधी येणार' या प्रश्नाचे उत्तरही आधीच लिहून ठेवावे: दिवस, वेळ आणि ठिकाण सांगून भूकंप वर्तवणे आज कुणालाही शक्य नाही, पुढच्या आठवड्यातल्या धक्क्यांची शक्यता मात्र टक्क्यांत देता येते.

माणसे किती लागतात? चोवीस तासांत आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे किमान तीन जण, आणि आठवडाभर चालवायचे तर निदान दोन बदली. त्यातले एक-दोन शास्त्रज्ञ असावेत, पण विश्लेषण करणारे नकोत. आकडेमोड करणाऱ्याला दर दहा मिनिटांनी फोनवर बोलावले की दोन्ही कामे बिघडतात. वेबसाइटची एक साधी, फक्त मजकुराची आवृत्ती वेगळ्या सर्व्हरवर तयार ठेवावी. भूकंपानंतर लाखभर लोक एकदम येतात आणि मुखपृष्ठावरच्या सरकत्या छायाचित्रांसकट सगळे झोपते.

शोधनिबंधांच्या गोपनीयतेचा मुद्दा छोटा आहे, पण ऐन वेळी अडतो. एखाद्या पथकाला दरड घसरण्याची ताजी चिन्हे दिसली आणि नियतकालिकाने छापून येईपर्यंत मौन मागितले, तर काय? आराखड्यात स्पष्ट ओळ हवी: जीविताला धोका असेल तर निष्कर्ष त्याच दिवशी अधिकृत यंत्रणेला जातो, नियतकालिकाला नंतर कळवले जाते. संशोधकांच्या वैयक्तिक खात्यांनाही तोच नियम लावावा. उपग्रहचित्रांवरून काढलेले जमिनीच्या हालचालीचे कच्चे आकडे यंत्रणेआधी समाजमाध्यमांवर जाऊ नयेत.

मोजमाप करताना 'किती जणांनी पाहिले' हा आकडा अहवालापुरता ठेवावा. त्यापेक्षा नवा नकाशा किंवा निवेदन छापण्याआधी केंद्राबाहेरच्या दहा जणांना दाखवावे आणि एकच विचारावे: हे वाचून तुम्ही उद्या सकाळी काय कराल? तिघांनी चुकीचे उत्तर दिले तर मजकूर परत लिहायचा. वर्षातून दोनदा सराव घ्यावा, त्यातला एक न सांगता आणि सुट्टीच्या दिवशी. सरावात बहुधा साध्या गोष्टी सापडतात: खात्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे असतो, निवेदन मंजूर करणारे संचालक विमानात असतात, दुसऱ्या भाषेतला मजकूर कुणी तयारच केलेला नसतो. सरावानंतर दोन आठवड्यांच्या आत या त्रुटींची यादी आराखड्याला जोडावी आणि प्रत्येकीसमोर दुरुस्त करणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी.