चाई

कटिंग झाली की न्हावी डोक्यामागे छोटा आरसा धरतो आणि आपण मान डोलावतो. वीस वर्षं मी अशीच डोलावत आलो. त्या आरशात मी कधी काही पाहिलंच नव्हतं. त्या रविवारी मात्र त्याने आरसा तसाच धरून ठेवला.

"भाऊ, चाई पडलीया."

उजव्या कानामागे, रुपयाएवढी. बोट फिरवलं तर पितळी वाटीच्या बुडासारखी गुळगुळीत. खाज नाही, कोंडा नाही, नुसतीच जागा रिकामी. "कीड खाती मुळं," त्याने निदानही करून टाकलं. जानेवारी २०२५ चे दिवस. तिकडे शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस नुसते हाताला येत होते. त्यामुळे शेजारच्या खुर्चीतून लगेच सल्ला आला, "पाणी तपासा." (पाण्यावरचा तो संशय पुढे रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमपर्यंत गेला.)

साताऱ्यात उपाय शोधायला लागत नाहीत, ते चालत घरी येतात. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सांगितला. आठ रात्री चोळला. नवव्या रात्री बायकोने माझी उशी हॉलमध्ये नेऊन ठेवली. हेडक्लार्कनी तेल सुचवलं, पण त्यांचं स्वतःचं डोकं ट्यूबलाइटखाली इतकं चमकत होतं की बाटलीचं नाव लिहून घ्यायचा धीर झाला नाही. आईने गावाहून डबीतून गुंजा पाठवल्या. "उगाळून लाव, तुझ्या मामाची ह्यानंच गेली." वैद्यांना विचारलं तर म्हणाले, लेप सुश्रुतापासूनचा आहे खरा, पण गुंजेचं बी विषारी, शुद्ध केल्याशिवाय हात लावू नका. रोगाला त्यांनी इंद्रलुप्त म्हटलं. चाई म्हटलं की मान खाली जाते. इंद्रलुप्त म्हटलं की तीच जरा ताठ होते.

पुण्याला गेलो तेव्हा एका चकाचक हेअर क्लिनिकातही डोकावलो. डोक्यावर कॅमेरा फिरवून स्क्रीनवर दाखवलं. तोडणी झालेल्या उसाच्या फडासारखं दिसत होतं सगळं. माझा प्रश्न एवढाच होता, खोडवा फुटेल का? समोरच्या बाईंनी त्याऐवजी ऐंशी हजारांचं पॅकेज सांगितलं, आज भरले तर सूट, हप्त्याचीही सोय. पण हे झालंय काय? "हेअर लॉस, सर." डॉक्टर? "ते बुधवारी येतात."

शेवटी साताऱ्यातच एम. डी. झालेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. पाटी लहान, रांग जिन्यापर्यंत. त्यांनी भिंग लावून चट्ट्याच्या कडेचे केस पाहिले. वर जाड, मुळाशी बारीक, अगदी उद्गारचिन्हासारखे. कीड नाही, बुरशी नाही, कुणाला लागणार नाही. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उठते. एवढासा चट्टा बऱ्याचदा वर्षभरात आपोआप भरून येतो. घाई असेल तर चट्ट्यातच स्टिरॉइडचं इंजेक्शन, दर चार-सहा आठवड्यांनी. फी चारशे रुपये. खरं सांगायचं तर माझा थोडा हिरमोडच झाला. इतकी माणसं कामाला लावली आणि शेवटी ऐकायला काय मिळालं, तर आपोआप!

तरी दोन इंजेक्शनं घेतली. घाई होतीच.

मे महिन्यात बोटाला काहीतरी खरखरलं. पांढरी लव. काळे केस मागाहून येतात म्हणे. मग ज्याने त्याने आपापलं श्रेय उचललं. काकूंच्या मते कांद्याला उशिरा गुण येतो. न्हाव्याच्या मते कीड मेली. इंजेक्शनने आले की आपोआप, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही, आणि मला सगळ्यात पटलं ते तेच.

आई मात्र भेटेल त्याला गुंजेचा गुण सांगत सुटली आहे. सात गुंजा पाठवल्या होत्या तिने. परवा ड्रॉवर आवरताना डबी उघडून मोजल्या. सातच्या सात आहेत.