'वुई'च्या पुढे गाडी का अडते

बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग. इंग्रजीत बोलायच्या सेमिनारच्या दिवशी स्लाइड्स झकास जमलेल्या असतात. मुलगी उभी राहते, 'वुई...' म्हणते आणि थांबते. शब्द येत नाहीत म्हणावं, तर हेच तिने जर्नलमध्ये पानभर लिहिलेलं असतं.

तिच्या डोक्यातलं वाक्य असं असतं: 'आम्ही टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणारं सर्किट बनवलं.' मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे एकेक गोष्ट सांगत निवांत 'बनवलं'पर्यंत पोचता येतं. इंग्रजीत 'वुई' म्हटलं की लगेच 'मेड' हवं. मग सर्किट, मग 'मोजणारं', मग पातळी, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी टाकी. 'आम्ही' सोडून अख्खं वाक्य शेवटाकडून ओवायचं! लिहिताना त्याला वेळ मिळतो. साठ जणांसमोर दोन सेकंदांत ते करायचं, आणि त्यातही निम्मं लक्ष मागच्या बाकावर कोण हसलं याकडे.

इलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोआन कोप यांनी १९८६ मध्ये परक्या भाषेच्या वर्गात वाटणारी भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली मांडली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ३३ ते १६५. ही भीती त्यांनी तीन गोष्टींशी जोडली: बोलण्याचा संकोच, परीक्षेचा धसका आणि लोक नावं ठेवतील ही धास्ती. आपल्याकडच्या वर्गात तिसरीचं पारडं सगळ्यात जड. 'मायसेल्फ अमुक तमुक' म्हणणाऱ्याची वर्षभर नक्कल होते, हे बाकीचे एकोणसाठ जण बघत असतात.

यावर मुलं पाठांतराचा उपाय काढतात आणि तिथेच फसतात. पाठ केलेला मजकूर साखळीसारखा असतो. एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. त्यात मध्येच प्रश्न आला तर विचारूच नका. पाठ करायचंच असेल तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, बस. मधल्या भागासाठी कार्डावर पाच-सहा शब्द लिहावेत, तेही क्रियापदं: मेड, मेझर्स, स्विचेस ऑफ. अडतं ते तिथेच.

सरावासाठी सगळ्यात कामाची वाटते ती ४-३-२ ची पद्धत. विषय एकच, ऐकणारे तीन. पहिल्याला चार मिनिटं, दुसऱ्याला तेच तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन. फार घाबरणाऱ्यांनी ९०, ६० आणि ४० सेकंदांपासून सुरुवात करावी. ऐकणारा दर वेळी बदलायलाच हवा, नाहीतर 'हे तर सांगितलंच' म्हणून बोलणारा गाळायला लागतो. विषय आधीच माहीत असलेला घ्यावा: मेसचं जेवण, एसटीचा पास, आपलंच प्रॅक्टिकल. ऐकणाऱ्याने मध्ये दुरुस्ती करायची नाही. तिसऱ्या फेरीला वाक्य जुळवण्याचं ओझं बरंचसं उतरलेलं असतं, म्हणून वेग वाढतो. एकाच वेळी तीस जोड्या बोलतात, वर्गाचा बाजार होतो, होऊ द्यावा. त्या गोंगाटात तुमची चूक जोडीबाहेरच्या कुणाला ऐकू जात नाही. हातात कागद मात्र नको, नाहीतर ते वाचन होतं.

एखादा शब्द अडला तर मराठी शब्द तसाच टाकून पुढे जावं. 'द गाळ सेटल्स ॲट द बॉटम' हे वाक्य पूर्ण आहे. 'सेडिमेंट' नंतर शोधता येतो. थांबून शब्द शोधायला गेलात तर वाक्य हातचं जातं.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी. रोल नंबरप्रमाणे उभं करू नका. सदतिसावा मुलगा छत्तीस जणांचं काहीच ऐकत नाही; तो आपला नंबर मोजत बसतो आणि तेवढा वेळ घाबरत राहतो. दुसरं म्हणजे प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीन आकडे मोजा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना विज्ञानाच्या वर्गांत शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं आढळलं होतं. थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांबली. हे वर्ग परक्या भाषेचे नव्हते. वाक्य उलटं ओवणाऱ्याला तर पाच सेकंद द्यायला हवेत. आणि 'ही गो' ऐकल्यावर तिथल्या तिथे 'गोज!' म्हणून ओरडू नका. वहीत टिपून ठेवा आणि तास संपताना नाव न घेता तीन चुका फळ्यावर लिहा.

घरी मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकावं. पण पहिले काही दिवस उच्चारांकडे कान देऊ नये. कागदावर फक्त एवढंच मोजावं: कर्त्यानंतर क्रियापद येईपर्यंत किती वेळा अडलो.