न्योक्की: फ्रीझरमधून थेट उकळत्या पाण्यात, आणि तरीही अखंड

फ्रीझरमधली न्योक्की, म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या आणि मैद्याच्या पिठाचे ते छोटे इटालियन गोळे, अखेर फुटली नाही. रात्रभर गोठलेला ट्रे सकाळी पसापसाने सरळ उकळत्या पाण्यात रिकामा केला आणि पाणी शेवटपर्यंत बऱ्यापैकी नितळ राहिलं. मागची नोंद ज्यांनी वाचली आहे त्यांना याचं मोल कळेल. तेव्हा पातेल्यात न्योक्की कमी आणि बटाट्याचं सूप जास्त होतं. बायकोने त्यात मिरपूड आणि क्रीम घालून ते मुलांना पाजलंही.

ताज्या न्योक्कीबद्दल आपलं आता एकमत आहे. रसेट, म्हणजे इथला पिठूळ, कोरडा बटाटा सालीसकट ओव्हनमध्ये भाजायचा, हाताला चटके बसत असतानाच दाबून काढायचा, वाफ जाऊ द्यायची. पाचशे ग्रॅम गराला शंभर-एकशेदहा ग्रॅम 00 नावाचा बारीक इटालियन मैदा, एका अंड्याचं पिवळं, आणि हात जितका कमी लागेल तितका बरा. युकॉन गोल्ड या पिवळ्या बटाट्यावाल्यांशी मी पुन्हा वाद घालणार नाही. चव त्याचीच सरस, पण त्यातलं पाणी जास्त, आणि पाणी आलं की मैदा वाढला. अडलेलं आहे ते साठवणीवर. मंडळाच्या दिवाळीनंतरच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, चाळीस माणसांसाठी ताजी न्योक्की वळत कोण बसणार?

याच प्रश्नाने मला हॉटेलातल्या न्योक्कीकडे नव्या नजरेने बघायला लावलं. मध्यंतरी इथे न्यू जर्सीतच एका इटालियन ठिकाणी गेलो होतो, वाइनची बाटली आपली आपण घेऊन जायची तसलं. दारूच्या परवान्यांची इथे लोकसंख्येवर मोजणी असते, ढोबळमानाने तीन हजार वस्तीमागे एक, त्यामुळे अशी ठिकाणं गल्लोगल्ली. मेन्यूवर 'घरी बनवलेली न्योक्की सोरेंतिना'. प्लेट आली ती दिसायला देखणी: टोमॅटो, वर वितळलेलं मोझरेला, तुळशीचं पान. पण प्रत्येक तुकडा साच्यातून काढल्यासारखा एकाच मापाचा, आणि सॉसमध्ये बुडूनही त्यावरच्या रेघा धारदार. दात लावला तर तो परत फिरला. एक तुकडा सुरीने मधोमध कापून बघितला. आत पिवळसर, काचेसारखं, गुळगुळीत. खऱ्या बटाट्याची न्योक्की कापली की आत पांढरट आणि किंचित रवाळ दिसते. हॉटेलात बसल्याबसल्या करण्यासारखी ही परीक्षा आहे, फक्त वेटरची पाठ असताना करावी.

आधी मला वाटायचं की अमेरिकेतल्या इटालियन हॉटेलवाल्यांना न्योक्की येतच नाही. आता ते मत बदललं आहे. येत असणार, पण ती टिकवायची कशी हे कोडं त्यांनाही सुटलेलं नाही, आणि त्यांनी त्याचं उत्तर मैद्यात शोधलं आहे. मैदा आणि अंडं वाढवलं की न्योक्की फ्रीझरमध्ये, फ्रीजमध्ये, गरम पाण्याच्या टाकीत, कुठेही मार खाऊन उभी राहते. चावून खावी लागते एवढंच.

रोममध्ये हा प्रश्न फार जुन्या काळापासून वेगळ्याच तऱ्हेने सोडवलेला आहे. तिथे म्हणच आहे: गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा, म्हणजे वजडी. त्रात्तोरियात, म्हणजे साध्या खानावळीत, गुरुवारी सकाळी न्योक्की वळायची, दुपारी संपवायची, उरवायची नाही. तिकडे वेरोनात तर कार्निव्हलच्या शेवटच्या शुक्रवारी न्योक्कीचा उत्सवच असतो, आणि हातात भलामोठा काटा घेतलेला, त्याला न्योक्की टोचलेला 'पापा देल न्योको' मिरवणुकीत निघतो. थोडक्यात हा वाराचा पदार्थ आहे. सातही दिवस, दुपारी आणि रात्री, शिवाय इतर चाळीस पदार्थांच्या जोडीने तो ठेवायचा म्हटला की त्याचं जे व्हायचं तेच होतं. रोज उकडीचे मोदक मिळणाऱ्या हॉटेलातले मोदक कसे लागतात ते आठवा.

म्हणून अमेरिकन-इटालियन जेवणाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. 1880 ते 1924 या काळात चाळीसेक लाख इटालियन इथे आले, त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे. सुका पास्ता, टोमॅटो, आणि हाताशी स्वस्त मांस आल्यावर मीटबॉल. रविवारी तासन् तास रटरटणारा लाल सॉस, भाजलेली झीटी (नळीसारखा पास्ता), वांग्याचं पार्मिजान, लझान्या, हे सगळं थांबलं तरी बिघडत नाही, काही तर दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं. त्यात ही माणसं तरबेज आहेत. न्योक्की आणि रिसोत्तो (इटालियन मऊ भात) दोन्ही घड्याळाशी बांधलेले, म्हणून तिथेच घात होतो. माझा नियम असा झाला आहे: अनोळखी ठिकाणी लाल सॉसमधलं भाजलेलं काहीतरी मागवायचं. न्योक्की मागवायचीच असेल तर आधी विचारायचं, आज केली आहे का?

तसं प्रामाणिक उत्तर मिळेलच असं नाही. इटलीत मेन्यूकार्डावर फ्रोझन पदार्थापुढे चांदणी छापलेली असते आणि तळाशी तिचा खुलासा. मला इथे ती चांदणी अजून कुठे दिसलेली नाही.

जाता जाता मिठाचा किस्सा, कारण मागे कुणीतरी पाण्यात मीठ किती हे विचारलं होतं. इटालियन घरगुती हिशोब 10-100-1000: शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. 2014 मध्ये स्टारबोर्ड व्हॅल्यू नावाच्या गुंतवणूकदार फंडाने ऑलिव्ह गार्डन या इटालियन हॉटेलांच्या अमेरिकन साखळीच्या मालक कंपनीवर जवळपास तीनशे पानांचं सादरीकरण काढलं. त्यात एक आरोप असा की भांड्यांची वॉरंटी वाढावी म्हणून पास्त्याच्या पाण्यात मीठच घालत नाहीत. त्याच वर्षी भागधारकांनी अख्खं संचालक मंडळ बदललं. मिठावरून इतकं रामायण झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता मूळ दुखण्याकडे.

कच्ची न्योक्की नुसती ओट्यावर तासभर ठेवली तरी खालून पाणी सुटतं आणि ती ट्रेला चिकटते. रव्यावर ठेवा, कागदावर ठेवा, फरक थोडाच. गोठवली की वेगळा त्रास. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात, स्टार्चने धरून ठेवलेलं पाणी बाहेर पडतं, आणि उकळत्या पाण्यात पडल्यावर आतलं शिजायच्या आधी वरचा थर विरघळतो. त्यात ढीगभर एकदम टाकली की पाण्याचं तापमान धाडकन खाली. माझ्या थर्मामीटरवर ते 85 अंशांपर्यंत उतरलेलं पाहिलं आहे. हे शेवटचं सोपं: मोठं पातेलं, पाच लिटर पाणी, एका वेळी पसाभरच. पण नुसत्या त्याने भागत नव्हतं.

धागा सापडला तो पाकिटावर. दुकानात मिळणाऱ्या हवाबंद न्योक्कीच्या घटकांत बहुतेक वेळा पहिलंच नाव बटाट्याच्या फ्लेक्सचं असतं. झटपट मॅश्ड पोटॅटोचे असतात तेच. हे फ्लेक्स 1950 च्या दशकात फिलाडेल्फियाजवळच्या विंडमूरच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत तयार झाले. इथून दोनेक तासांच्या वाटेवर. त्यांचीही अडचण आपलीच: बटाटा दाबला की पेशी फुटतात, स्टार्च मोकळा होतो आणि सगळं चिकट होतं. त्यांनी बटाटा दोनदा शिजवला. आधी साधारण 70 अंश सेल्सिअसला वीस मिनिटं, मग पूर्ण थंड, मग नेहमीसारखा मऊ होईपर्यंत. 70 ला स्टार्च पेशींच्या आतच फुगतो, पण पेशींना जोडणारं पेक्टिन अजून विरघळत नाही, उलट त्याच उष्णतेत एक एन्झाइम त्याला घट्ट करून ठेवतं. थंड होताना आतला स्टार्च आवळून बसतो. मग बटाटा दाबला तर पेशी सुट्या होतात, फुटत मात्र नाहीत.

हे घरी करायला काहीच अवघड नाही. सू-वीडची कांडी (पाणी ठरावीक तापमानावर धरून ठेवणारं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर जाड बुडाचं भांडं, थर्मामीटर आणि सबुरी. रसेट सोलून बोटभर जाडीचे काप केले, 70 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवले. या टप्प्यावर काप विचित्र लागतो: शिजलेला दिसतो, पण मोडायला गेलं तर रबरासारखा वाकतो. मग बर्फाच्या पाण्यात, अगदी मधोमध गार होईपर्यंत. इथे घाई नको, सगळी किमया इथे आहे. मग चाळणीत वाफवले, ट्रेवर पसरून अडीचशे फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये पृष्ठभाग पांढुरका होईपर्यंत कोरडे केले आणि दाबले.

दाबायच्या यंत्राबद्दल बोललंच पाहिजे. इथल्या दुकानातून घेतलेल्या एका रायसरचा, म्हणजे बटाटा दाबून गर काढायच्या यंत्राचा, दांडा दुसऱ्याच वापरात वाकला, नाव घेत नाही. पुरणयंत्रही वापरून पाहिलं. पुरणाला ते बिनतोड, पण पातं फिरताना बटाटा रगडला जातो आणि नेमकं तेच नको असतं. जिंकला तो तुळशीबागेतून आणलेला पितळी सोऱ्या, जाड शेवेची चकती लावून. सरळ खाली दाब, रगडणं नाही. एका वेळी एकच बटाटा मावतो आणि पितळ चांगलंच तापतं, फडकं हाताशी ठेवा. पण या खेपेला गर असा पडला की माझा विश्वास बसेना: सुटा, कोरडा, ओल्या नारळाच्या चवासारखा. दोन बोटांत चोळला तर चिकटपणा नावाला नाही.

पीठ बांधताना मात्र उलटीच तऱ्हा. चिकटपणाच नाही म्हटल्यावर वळी लांबवताना चिरा पडायला लागल्या. एक पिवळं पुरेना, दीड घातलं. मैदा एरवीपेक्षा कमी लागला, पाचशे ग्रॅमला ऐंशीच्या आसपास. पिठात मीठ घातलं नाही, मिठाने ओल लवकर सुटते असं मला वाटतं, मीठ फक्त पाण्यात. काट्यावर रेघा छान उठल्या. गोठवताना ट्रेवर एकेक सुटी, कडक झाल्यावरच पिशवीत.

सकाळचा निकाल वर सांगितलाच. वर तरंगल्यावर लगेच काढू नका. गोठलेली न्योक्की आत गार असतानाही वर येते, आणखी अर्धं मिनिट द्या. कापून पाहिली: पांढरट, रवाळ. लोणी आणि सेजच्या सुगंधी पानांत परतली तर कडेला कुरकुरीत, आत मऊ. तुलनेसाठी वेगळ्या ट्रेवर नेहमीच्या भाजलेल्या बटाट्याचीही ठेवली होती, ती नंतर उकळली. तिच्यातली बरीच फुटली.

तरी याला मी अर्धाच विजय म्हणतो. का? चव. काप पाण्यात इतका वेळ राहिल्यावर बटाट्याचा बटाटेपणा पाण्यात जातो. भाजलेल्या बटाट्याला मातीचा, सालीचा जो वास असतो तो यात नाही. लाल सॉसमध्ये कळणार नाही, नुसत्या लोण्यात लगेच कळतं. मुलीने चक्क विचारलं, ही विकतची आहे का? पाहुण्यांना हे चाललं असतं, मला चालत नाही.

पॉटलकला बटाटा सोडून न्योक्की आल्ला रोमाना करायचं मी जवळजवळ ठरवलं होतं: दुधात शिजवलेला रवा, थापून गोल चकत्या, वर लोणी-चीज, ओव्हनमध्ये. ती आदल्या दिवशी करून ठेवता येते, पाणी सोडत नाही. फक्त इंडियन स्टोअरचा रवा साध्या गव्हाचा, इटालियन सेमोलिना (तिकडचा रवा) ड्युरम या कडक गव्हाचा, त्यामुळे दुधाचं प्रमाण बदलावं लागेल.

पण हे लिहिता लिहिताच सुचलं की 70 चा टप्पा पाण्यातच कशाला करायचा? अख्खे बटाटे सालीसकट पिशवीत बंद करून 70 ला ठेवायचे, अख्ख्या बटाट्याच्या मध्यापर्यंत ऊब पोचायला तासाहून जास्त लागेल. मग पिशवीसकट बर्फात, रात्रभर फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये भाजायचे. चव पाण्यात जाणार नाही, साल वास धरून ठेवेल, कोरडेपणा भाजण्यातून येईल. जमलं तर रोमाना बाद. तेव्हा येत्या शनिवारी हेच.

दोन गोष्टी आधी कळल्या तर बरं. असा आधी शिजवून गार केलेला बटाटा कुणी पंखा चालू ठेवून भाजला आहे का, माझा ओव्हन साधा गॅसचा आहे, आणि साल कडक होऊन आत वाफ कोंडेल ही भीती आहे. आणि दुसरं, पाचशे ग्रॅम गरात वीस-पंचवीस ग्रॅम फ्लेक्स मिसळून चिरांचा प्रश्न सुटतो का? फ्लेक्स म्हटल्यावर नाक मुरडणारे असतील. मी मुरडणार नाही, तुकडा कापून बघेन.