प्रोसेसर बदलताना मांडलेले कॅश मेमरीचे गणित

रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड यांवर माझे काम अनेक वर्षे व्यवस्थित चालले होते. परंतु फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठ्या शहराच्या विमानतळावर उतरताना चित्र अडखळू लागले, आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्ड जवळजवळ निम्मे रिकामे दिसत असल्याने दोष प्रोसेसरकडे जात होता.

पहिला विचार अर्थातच एएम५ सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याच्या पुढच्या पिढीच्या खाचेचा आला. त्यावर केवळ डीडीआर५ रॅम चालते, म्हणजे मदरबोर्ड आणि रॅम दोन्ही नव्याने घेणे आले. दोन चॅनलवर डीडीआर५-६०००ची बँडविड्थ (माहिती वाहून नेण्याची क्षमता) सेकंदाला ९६ जीबी, तर माझ्या डीडीआर४-३२००ची ५१.२ जीबी, हे आकडे पाहून मोह झाला. मात्र विलंबाचा हिशेब केल्यावर सीएल१६ची डीडीआर४-३२०० आणि सीएल३०ची डीडीआर५-६००० या दोन्हींचा कॅस विलंब, म्हणजे मागितलेली माहिती रॅमकडून मिळू लागेपर्यंतचा वेळ, १० नॅनोसेकंदच निघाला (सीएल हा तोच विलंब घड्याळाच्या ठोक्यांत सांगणारा आकडा). सिम्युलेटरला विखुरलेली माहिती वारंवार लागते. तेथे बँडविड्थपेक्षा विलंब अधिक नडतो, आणि त्यावरचा खरा उपाय म्हणजे प्रोसेसरला रॅमपर्यंत जावेच लागू नये इतकी मोठी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली जलद मेमरी.

कागदावर माझ्या ३६००मध्येही ३२ एमबी एल३ होतीच. परंतु ती १६-१६ एमबीच्या दोन भागांत विभागलेली असून प्रत्येक भाग तीन कोअरच्याच (प्रोसेसरमधील गणना करणाऱ्या स्वतंत्र एककांच्या) वाट्याला येतो. माझ्याच मदरबोर्डवर बसणाऱ्या रायझन ७ ५७००एक्समध्ये हीच ३२ एमबी आठही कोअरना एकत्र मिळते, तर ५७००एक्स३डीमध्ये त्यावर ६४ एमबीचा थर चढवून ती ९६ एमबी केलेली आहे. दुकानदाराने मला साधा ५७०० दाखवून ‘एक्स नसला तरी वस्तू तीच’ असे सांगितले. प्रत्यक्षात त्यात १६ एमबीच आहे. एका अक्षरात निम्मी कॅश नाहीशी करणाऱ्या या नामकरणाचे मला आजही नवल वाटते.

मी ५७००एक्स३डी घेतला. त्याचा सर्वोच्च वेग ४.१ गिगाहर्ट्झ, तर ५७००एक्सचा ४.६, त्यामुळे ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील रेंडरिंग हेच माझे मुख्य काम असते, तर स्वस्तातला ५७००एक्सच योग्य ठरला असता, कारण त्या कामाला जादा कॅशचा फारसा उपयोग होत नाही.

प्रोसेसर बसवण्यापूर्वी बायोस, म्हणजे मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केले. पहिल्याच दिवशी विमान अडखळल्याविना उतरले. आठवडाभराने सहज पाहिले, तर बायोस बदलताना रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे एक्सएमपी प्रोफाइल पुसले गेले होते आणि रॅम इतके दिवस २१३३वरच धावत होती. ती पुन्हा ३२००वर आणल्यावर सिम्युलेटरमध्ये मला जाणवण्याजोगा फरक पडला नाही. जुन्या ३६००वर हीच चूक पहिल्याच उड्डाणात उघडी पडली असती.