आमची वाटचाल : तेल, श्वास आणि रेकी एका छताखाली

पुण्यात टिळक रस्त्याच्या मागच्या बाजूला, सासऱ्यांच्या जुन्या दवाखान्याच्या दोन खोल्यांत आमचं केंद्र सुरू झालं. मी रेकी शिकलेली, म्हणजे अंगावर शांतपणे हात ठेवून ऊर्जा देण्याची जपानी पद्धत. माझी नणंद योगशिक्षिका. तिचं शिक्षण लोणावळ्याच्या कैवल्यधाममधलं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ही संस्था काढली. आसनं आणि प्राणायाम यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत तपासून बघायचा त्यांचा आग्रह होता. तपासून बघायची ती सवय नणंदेच्या अंगात मुरलेली आहे, आणि आमच्या कामाला वळण लागलं ते तिच्या त्या सवयीमुळेच.

सुरुवातीला दोघी आपापल्या खोलीत आपापलं काम करायचो. एक दिवस ती म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडच्या त्या काकूंचे पाय कायम गार पडलेले असतात. आधी पाय चोळून द्या, मग हात ठेवा." तसं केलं. एरवी तासभर कूस बदलणाऱ्या काकू थोड्याच वेळात चक्क घोरायला लागल्या. मग दोन खोल्यांच्या वेळा एकत्र जुळवल्या आणि क्रम बसवत गेलो.

हा क्रम आम्हाला तैत्तिरीय उपनिषदातल्या पंचकोशांवरून, म्हणजे माणसाच्या एकात एक असलेल्या पाच थरांवरून सुचला. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. आधी देह, मग श्वास, मग मन. सगळ्या पद्धती एकदम अंगावर घालायच्या नाहीत. आलेल्या माणसाचं आधी सगळं ऐकून घ्यायचं : झोप कशी आहे, भूक कशी आहे, घरात काय चाललंय, कुठली औषधं चालू आहेत. मगच ठरवायचं. कित्येकदा निम्म्या गोष्टी गाळाव्याच लागतात. दम्याच्या माणसाला कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. पायाला जखम किंवा सूज असेल तर तेलाला हात लावायचा नाही, आधी डॉक्टर.

पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेल लावून चोळणं, मला या सगळ्यात फार जवळचं वाटतं. थंडीत कोमट तिळाचं तेल, उन्हाळ्यात खोबरेल. तळव्यावर काशाची वाटी गोल गोल फिरवायची. टाचेकडे जोर जरा जास्त, बोटांकडे कमी. हळूहळू तळवा काळपट होतो आणि प्रत्येक जण विचारतो, "विषारी द्रव्यं बाहेर पडली ना?" आम्ही सरळ सांगतो की नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. घाम आणि तेलाशी त्या धातूचा संबंध आला की हा रंग येतो. खरं कारण कळल्यावर कुणी यायचं थांबलंय, असं झालेलं नाही. पाय हलके होतात ते होतातच.

त्यानंतर भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम. नाकातून गुणगुणत सोडलेल्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या वायूचं प्रमाण शांत उच्छ्वासापेक्षा सुमारे १५ पट होतं, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं. नणंद हे आवर्जून सांगते. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि आवळून धरलेला जबडा सैल सुटतो. समोर बसून बघताना ते लगेच कळतं.

रेकी शेवटी, योगनिद्रेच्या, म्हणजे उताणं पडून जागेपणी घ्यायच्या खोल विश्रांतीच्या जोडीनं. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२च्या सुमारास ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. पुढे १९३०च्या दशकात हवायो ताकाता यांनी ती हवाईत नेली आणि तिथून ती जगभर पसरली. यातली ऊर्जा कुठल्याही यंत्रावर मोजता आलेली नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. माझी श्रद्धा आहे. ती मी कुणावर लादत नाही. पण डोक्याशी कुणीतरी शांतपणे हात ठेवून बसलंय, काही विचारत नाही, काही मागत नाही, एवढंही कित्येकांच्या वाट्याला वर्षानुवर्षं आलेलं नसतं. अशा वेळी माणसं रडतात. रडू द्यावं.

मध्यंतरी एका कंपनीनं आम्हाला त्यांची शाखा घ्यायला सांगितलं. अट अशी की फलकावर "मधुमेह मुळापासून बरा" असं लिहायचं. आम्ही नकार दिला. १९५४च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यानं मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहेच. पण कायदा नसता तरी आम्ही ते लिहिलं नसतं. आशेपोटी इन्सुलिन बंद करणारी माणसं असतात आणि त्याची किंमत त्यांचं सगळं घर मोजतं. म्हणून आमच्या नोंदवहीत पहिला रकाना चालू औषधांचा आहे. गोळी कमी करायची की नाही, हे ज्यांनी ती लिहून दिली ते डॉक्टर ठरवतील. शेजारच्या फिजिओथेरपिस्ट ताई आमच्याकडे माणसं पाठवतात त्या याच भरवशावर, आणि आम्हीही मानेच्या, कमरेच्या तक्रारी आधी त्यांच्याकडेच पाठवतो.

अलीकडे आमच्याकडे एक नवी मंडळी येऊ लागली आहेत : घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा करणारी. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करणारी सून, केमोथेरपीच्या फेऱ्यांत बायकोसोबत जाणारे काका. "मला काही झालेलं नाही हो," असं म्हणतच ही माणसं आत येतात, आणि खांदे कानाला लागलेले असतात. त्यांच्यासाठी गुरुवारी संध्याकाळी आम्ही वेगळी वेळ ठेवली आहे. फक्त पादाभ्यंग आणि भ्रामरी, आणि घरी रात्री झोपण्याआधी करता येईल एवढंच शिकवायचं. यायला जमत नसेल तर नणंद फोनवरही सांगते. त्या तासाचे पैसे आम्ही घेत नाही.