जळतं ते मेण नव्हे, मेणाची वाफ

मेणबत्तीत नक्की काय जळतं, असं वर्गात विचारलं की आधी उत्तर येतं ‘वात’, मग ‘मेण’. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि या एका प्रश्नाला अख्खा तास द्यावा असं मला मनापासून वाटतं.

नुसती वात जळत असती तर बघता बघता संपली असती. मेण म्हणावं, तर मेणाच्या तुकड्याला पेटती काडी लावून पाहा. वितळेल, टपटप गळेल, पण पेट घेणार नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीच्या धाग्यांमधून वर चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ.

हे डोळ्यांनी बघता येतं. पंखा बंद करा, मेणबत्ती चांगली तापू द्या, मग हलकेच विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाते. ही रेघ म्हणजे वाफ थंड होऊन झालेले मेणाचे अतिसूक्ष्म कण. लगेच त्या रेघेत, वातीच्या बोटभर वर, पेटती काडी धरा. ज्योत रेघेवरून सर्रकन खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. काडी वातीला टेकलेलीसुद्धा नसते! मुलं हे पुन:पुन्हा करायला लावतात, आणि मलाही ते हवंच असतं.

पेटत्या ज्योतीतही वातीभोवती एक काळपट भाग दिसतो. तिथे न जळलेली वाफ असते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१च्या हिवाळ्यात मुलांसाठी व्याख्यानं दिली, त्यात त्यांनी याच भागात काचेची वाकडी नळी धरून वाफ बाहेर काढून दाखवली होती.

आता प्रकाशाकडे. ज्योतीच्या बुडाशी हवा भरपूर मिळते, म्हणून तिथे निळी कड असते. वर मात्र ऑक्सिजन आतपर्यंत पुरेसा पोचत नाही. उष्णतेने वाफेचे रेणू तुटतात, कार्बनचे बारीक कण तयार होतात आणि हजार अंशांहून जास्त तापून पिवळे झळाळतात. म्हणजे आपण ज्या उजेडात वाचतो तो काजळीचा उजेड. पिवळ्या भागात क्षणभर थंड चमचा धरला की तीच काजळी चमच्यावर बसते. एरवी हे कण ज्योतीच्या कडेला पोचेपर्यंत जळून जातात.

मला सगळ्यात आवडतो तो हिशेब. पॅराफिन मेणातला एक नमुन्याचा रेणू घेऊ: २५ कार्बन, ५२ हायड्रोजन. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे २५ व पाण्याचे २६ रेणू तयार होतात. वजनात मांडलं तर १०० ग्रॅम मेणातून सुमारे १३३ ग्रॅम पाणी! जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. ज्योतीच्या बरंच वर थंड, कोरडा काचेचा ग्लास उपडा धरला की आतून धूसर होतो, ते हेच पाणी.

मेणबत्ती धूर सोडू लागली तर बहुतेकदा वात लांब झालेली असते. लांब वात जास्त मेण ओढते, वाफ जास्त होते, तेवढ्या वाफेला हवा पुरत नाही आणि काजळी न जळताच निसटते. विझवून, गार झाल्यावर वात कापून अर्धा सेंटीमीटर ठेवा, धूर कमी होईल.