वहिनींची लॅब आणि श्टुटगार्टचा सर्व्हर

परवा नागपूरहून वहिनींचा फोन आला. त्या तिथल्या महाल भागातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. आवाज पार थकलेला. "भाऊजी, पोट्टे रोज काही ना काही करून ठेवतात. कोणी आयकॉन उडवतं, कोणी पेनड्राइव्हमधून व्हायरस आणतं. अख्खा रविवार फॉरमॅट मारत बसली होती मी."

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका शाळेचं नेटवर्क सांभाळतो, म्हणून हे इतकं जवळून कळतं. इथली पोरंही तेच करतात. मागच्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीच्या हातून स्क्रीनच्या खालची पूर्ण पट्टीच गायब झाली. ती रडवेली होऊन बाईंकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, "पीसी रिस्टार्ट कर." बस, एवढंच.

आमच्याकडे 'लिनक्समुस्टर' आहे. बाडेन-व्युर्टेमबर्ग या आमच्या राज्यातल्या शाळांसाठी उभी राहिलेली, शाळेचं नेटवर्क चालवणारी ही मुक्त प्रणाली, लायसन्सचा खर्च शून्य. पीसी चालू केला की तो आधी स्वतःच्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट होतो, म्हणजे सुरू होतो, आणि सर्व्हर या मध्यवर्ती मशीनवरून 'लिनबो' नावाचं छोटंसं लिनक्स (विंडोजसारखीच, पण मुक्त प्रणाली) मेमरीत उतरतं. मूळ इमेजची, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरसकट नीट लावलेल्या पीसीच्या हुबेहूब नकलेची, एक प्रत पीसीच्याच डिस्कवर वेगळ्या पार्टिशनमध्ये (कप्प्यात) ठेवलेली असते. त्या इमेजप्रमाणे सगळं परत जागच्या जागी बसतं आणि मग विंडोज किंवा उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सुरू होतं. नवं सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर मी एकाच पीसीवर टाकतो, त्याची इमेज सर्व्हरवर चढवतो आणि बाकीचे पीसी ती आपली आपण घेतात.

मुलांची खाती आणि त्यांच्या फायली सर्व्हरवर असतात. त्यामुळे पीसी पुसला तरी कोणाचा प्रोजेक्ट जात नाही, आणि मूल कुठल्याही खुर्चीवर बसलं तरी त्याचं काम समोर येतं. खाती, पासवर्ड, कोणाला काय उघडता येईल, हे सगळं सर्व्हरवरचं सांबा नावाचं मुक्त सॉफ्टवेअर बघतं. डिसेंबर 2012 मध्ये सांबा 4 आलं, तेव्हापासून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीसाठी (खाती आणि परवानग्या एका जागी ठेवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) विंडोज सर्व्हर विकत घ्यायची गरज उरली नाही.

मला सगळ्यात आवडतो तो परीक्षेचा भाग. शिक्षक ब्राउझरमधून वर्ग निवडून परीक्षा सुरू करतात. मुलं आपल्या नेहमीच्या नावाच्या शेवटी 'एक्झाम' जोडून लॉगिन करतात. हे खातं कोरं असतं, जुन्या फायली दिसत नाहीत आणि इंटरनेटही बंद करता येतं. वेळ संपली की सगळ्यांच्या फायली शिक्षकांकडे गोळा होतात. पेनड्राइव्ह घेऊन रांगेने फिरावं लागत नाही.

वहिनींनी विचारलं, "एवढं कुलूप लावलं तर पोरं शिकतील काय?" माझं मत अगदी उलट आहे. मोडलं तर ओरडा बसेल, या भीतीने मूल माऊसला हात लावत नाही. सकाळी सगळं जसंच्या तसं होणार हे माहीत असलं की ते बिनधास्त सेटिंग उघडून बघतं.

दोन गोष्टी मात्र मी त्यांना बजावून सांगितल्या. बायोसला (पीसी चालू होताना आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड हवा आणि बूटच्या यादीत नेटवर्क पहिलं हवं, नाहीतर एखादा हुशार पोट्टा पेनड्राइव्हवरून बूट करेल आणि सगळी मेहनत पाण्यात. दुसरं, सर्व्हर बसला की पूर्ण लॅब बसते. त्याला चांगला यूपीएस (वीज गेल्यावर चालणारी बॅटरी) द्या आणि बॅकअप रोज दुसऱ्या डिस्कवर घ्या. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सर्व्हर खिडकीजवळच्या कोंदट कपाटात ठेवू नका, आणि कूलरच्या ओल्या हवेसमोर तर नकोच.

डिसेंबरात मी घरी येतोय. पाच जुने पीसी, एक गिगाबिट स्विच (पीसी एकमेकांना जोडणारा वेगवान डबा) आणि सर्व्हरसाठी त्यातल्या त्यात जास्त रॅमचं एक मशीन बाजूला काढून ठेवा, असं वहिनींना सांगितलंय. त्यांनी आजच मशीनचा फोटो पाठवला: आठ जीबी रॅम, धूळ पुसलेली. रॅम वाढवावी लागेल, ती मी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेईन.